पायथॉनमध्ये साधं फ्लॅटन का नाही राव?

कंसग्रस्त: जिल्हे-तालुके-गावं असा डेटा आलाय, लिस्टमध्ये लिस्ट, तिच्यात अजून लिस्ट. मला फक्त गावांची एक सरळ लिस्ट पाहिजे. रूबी भाषेत त्यासाठी फ्लॅटन आहे, जावास्क्रिप्टमध्ये 2019 पासून फ्लॅट आहे, आणि पायथॉनच्या लिस्टला अशी मेथडच नाही?? बेरीज करणाऱ्या सम ला रिकामी लिस्ट देऊन पहिला थर काढला, दुसऱ्यांदा लावलं तर एरर. हे बिल्ट-इन, म्हणजे भाषेतच आयतं पाहिजेच, माझं ठाम मत.

लूपवाली: सम?? अरे देवा. प्रत्येक बेरजेला नवीन लिस्ट बनते नि आधीचं सगळं परत कॉपी होतं. दहा-दहा आयटमच्या 10,000 लिस्ट असतील तर जवळपास 50 कोटी कॉप्या. पायथॉनसोबतच येणाऱ्या इटरटूल्स लायब्ररीतलं चेन डॉट फ्रॉम इटरेबल दोनदा लाव, नाहीतर लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये (एका ओळीत लूप लावून लिस्ट बनवायची पद्धत) तीन फॉर. दोन ओळींसाठी बिल्ट-इन कशाला?

कंसग्रस्त: ताई, चेन लावलं, एरर गेला. पण मध्येच ‘प’, मग नुसता उकार, मग ‘ण’, मग नुसती मात्रा असं सुटं सुटं आलंय 😭

जुना_खोडकर: हाहा, पुणे फुटलं! तुझ्या डेटात कुठेतरी गावांच्या लिस्टऐवजी नुसतं ‘पुणे’ टाकलंय. चेनला स्ट्रिंग (नुसता मजकूर) पण चालते, तो तिचे चार तुकडे करून मोकळा. समचा एरर तुझ्या भल्याचाच होता, आणि म्हणूनच बिल्ट-इन नको. किती थर काढायचे हे कोण ठरवणार? रूबी काही न सांगता तळापर्यंत जाते, जावास्क्रिप्टचं फ्लॅट एकच थर काढतं. आणि जे उलगडतं ते सगळं उलगडायचं असं रिकर्शन (स्वतःलाच परत बोलावणारं फंक्शन) लिहिलंस तर ‘प’ मधून परत ‘प’च निघतो, हजारेक फेऱ्यांनी रिकर्शन एरर.

कंसग्रस्त: पण रूबीवाल्यांनी ठरवलंच ना? फक्त अ‍ॅरे उलगडायचे, स्ट्रिंगला हात नाही. पायथॉनला ठरवायला काय होतं? लिस्टसारखाच पण न बदलणारा टपल उलगडायचा की नाही ते डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीत लिहा, मिटलं.

लूपवाली: मिटलं म्हणे. जावास्क्रिप्टवाल्यांचं नावावरच अडलं होतं, मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने आधीच स्वतःचं फ्लॅटन घुसवलेलं, जुन्या साइट्स मोडल्या असत्या. 2018 मध्ये कोणीतरी गमतीत ‘स्मूश’ सुचवलं त्यावर केवढा गदारोळ! शेवटी फ्लॅट.

कंसग्रस्त: सापडलं. एका तालुक्याच्या जागी खरंच नुसतं ‘पुणे’ होतं. आता फक्त लिस्ट असेल तरच आत जाणारं सहा ओळींचं फंक्शन लिहिलंय. पण हे तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये तिसऱ्यांदा लिहितोय, म्हणून बिल्ट-इन पाहिजेच.