मिररसाठी पार्टिशन कशी पाडावीत
मिरर म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी ठेवणं, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सगळं राहतं. त्यासाठी आधी दोन्ही डिस्कवर सारखी पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) पाडा, मगच मिरर करा, असा एक सल्ला असतो. घरच्या लिनक्ससाठी मलाही तोच पटतो, पण पार्टिशन मोजकीच ठेवा. बूटचं ईएफआय पार्टिशन (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या फाईल असलेला छोटा भाग) मिररच्या बाहेर, प्रत्येक डिस्कवर वेगळं. कारण मदरबोर्डच्या फर्मवेअरला (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) सॉफ्टवेअर रेड, म्हणजे लिनक्सनं केलेलं असं मिरर, कळत नाही. बाकी जागेचं एकच मोठं पार्टिशन करा आणि शेवटी १०० एमबी मोकळे सोडा. उद्या एक डिस्क गेली अन् बदली दुसऱ्या कंपनीची आणली, तर तिच्यावरही २ टीबीच लिहिलेलं असतं, पण काही सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) कमी भरू शकतात. तेवढ्यानं ती मिररमध्ये बसत नाही.

आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल नेम नसतो. डिस्कवर काही लिहिलं जात असताना गेली, तर दोन्ही डिस्क पुन्हा जुळवायला तासन्‌तास जातात. एमडीएडीएममध्ये (लिनक्सवर मिरर करायच्या प्रोग्रॅममध्ये) बिटमॅप, म्हणजे कुठं बदल झाला याची नोंद, चालू ठेवला तर फक्त बदललेला तुकडाच जुळवला जातो. तरी यूपीएस घ्याच हो.

लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन यांची एक प्रत मात्र बाहेरच्या डिस्कवर हवी. मिररमध्ये एकीकडं पुसलेली फाईल दुसरीकडूनही लगेच जाते.