कॉलेज फुटबॉलसाठी हेल्मेट कोणते घ्यावे? (मर्यादा ३०० डॉलर)

क्लीव्हलंडची आई
माझ्या मुलाला ओहायोतील एका लहान महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघात जागा मिळाली असून ऑगस्टमध्ये सराव सुरू होईल. संघ तिसऱ्या विभागात खेळतो, त्यामुळे खेळाची शिष्यवृत्ती नाही. अकरावीत असताना एका टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला धरून खाली पाडताना होते त्या झटापटीत, त्याचे डोके आदळले होते. सामना संपल्यावर तो आमच्याच गाडीसमोर उभा राहून "आई, गाडी कुठे लावली आहेस?" असे विचारत होता. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ३०० डॉलरच्या आत चांगले हेल्मेट कोणी वापरले असल्यास कृपया सुचवावे.

डॅलसचे काका
ताई, डोक्याच्या बाबतीत पैशाकडे पाहू नका. मी मुलासाठी साडेआठशे डॉलर मोजले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ हेल्मेटांची चाचणी घेऊन तारे देते, त्यात आमच्या हेल्मेटला पाचपैकी पाच होते. चार हंगामांत मुलाला काहीही झाले नाही.

एडिसनकर
मी १२० डॉलरला जुने हेल्मेट घेतले आणि पस्तावलो. आतली गादी बाजूला केल्यावर निर्मितीचे वर्ष दिसले. हेल्मेट दहा वर्षांपेक्षा जुने असल्याने त्याची फेरतपासणी करून द्यायला कोणी तयार झाले नाही आणि प्रशिक्षकांनी ते मैदानातच येऊ दिले नाही. शिवाय बहुतेक महाविद्यालये हेल्मेट स्वतःच देतात. आधी तेवढे विचारून घ्या.

जुना वाचक
काकांचे म्हणणे मला पटत नाही. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, परंतु कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्याने थांबत नाही. हा खेळ सुरक्षित झाला तो मुख्यतः नियमांमुळे. १९०५ मध्ये मैदानावरील मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि १९०६ मध्ये पुढे चेंडू फेकण्याची मुभा मिळाली, म्हणजे घोळक्यात घुसूनच चेंडू नेण्याची गरज उरली नाही. डोके खाली घालून धडक देण्यावर १९७६ मध्ये बंदी आली, तेव्हा मानेच्या जीवघेण्या दुखापती घटल्या. आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ विद्यापीठांच्या गटाच्या, प्रशिक्षकांनी २०१६ मध्ये हंगामातील सरावात पूर्ण ताकदीचे टॅकल बंद करण्याचा निर्णय घेतला. तुमच्या महाविद्यालयात आठवड्यातून किती दिवस टॅकलचा सराव होतो, हे विचारा.

डॅलसचे काका
नियम मैदानावर कोण पाळतो? मी पुन्हा सांगतो, पाच ताऱ्यांचेच घ्या. वरून मऊ टोपीही चढवा.

पुणेकर, सध्या सॅन होजे
मुलाला फ्लॅग फुटबॉलकडे वळवा. त्यात टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढायची असते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ आहे. माझी मुलगी तोच खेळते आणि तिच्या संघाची कर्णधार आहे.

नागपूरची परिचारिका
सगळे डोक्यावरच अडले आहेत. ऑगस्टमधला उष्माघातही तितकाच घातक आहे. २०१८ मध्ये मेरीलंड विद्यापीठाचा १९ वर्षांचा खेळाडू सरावात कोसळला, त्याला वेळेवर बर्फाच्या पाण्यात बुडवले गेले नाही आणि तो दोन आठवड्यांनी गेला. अशा वेळी आधी शरीर थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा क्रम चुकता कामा नये. म्हणून भरलेला टब मैदानाच्या कडेला असतो का, ते स्वतः पाहा. दुसरे म्हणजे, कुटुंब विदर्भातले असेल तर सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातील लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीकडे दुर्लक्ष करू नका. आमच्याकडे तो आजार घरोघरी ठाऊक आहे, पण इथल्या डॉक्टरांना भारतीय मुलाबाबत तो सुचेलच असे नाही. केवळ वाहक असलेला खेळाडूही अतिश्रमाने कोसळू शकतो. राईस विद्यापीठातील अशाच एका मृत्यूनंतर एनसीएएने, म्हणजे इथल्या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, ही तपासणी आणली.

एडिसनकर
हेल्मेट महाविद्यालयच देते, हे मी वर लिहिले आहे.

क्लीव्हलंडची आई
सर्वांचे मनापासून आभार. महाविद्यालयाला फोन केला. हेल्मेट तेच देतात आणि दरवर्षी तपासून घेतात, त्यामुळे मी हेल्मेट घेणार नाही. खेळ बदलण्याविषयी मुलाशी बोलले, पण त्याचे मन या खेळात आहे आणि मी त्याला अडवणार नाही. माझे सासर वर्ध्याचे आहे, म्हणून रक्ततपासणी सोमवारी ठरवली आहे. ३०० डॉलरमध्ये सरावाच्या पहिल्या आठवड्यात तिथे तीन रात्री राहण्याची सोय होते. टब कुठे ठेवतात, ते मी मैदानावर उभी राहून पाहणार आहे.