‘नर्गिस’ म्हणजे ‘डॅफोडिल’ नव्हे

‘डॅफोडिल’ला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न निघाला की ‘नर्गिस’ हे उत्तर लगेच पुढे येते. दोन्ही फुले नार्सिसस याच प्रजातीतली (genus) असल्यामुळे ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण जाती (species) वेगवेगळ्या आहेत आणि मला तो फरक पुसू नये असे वाटते.

फारसी-उर्दू काव्यात डोळ्याची उपमा होऊन बसलेली नर्गिस म्हणजे नार्सिसस टॅझेटा. तिच्या एकाच दांड्यावर फुलांचा झुबका येतो, पाकळ्या बहुधा पांढऱ्या असतात आणि मधोमध पिवळी, उथळ वाटी असते. ‘ताझेत्ता’चा इटालियन अर्थही छोटा पेलाच. नर्गिसी कोफ्ता मधोमध कापून पाहावा: खिम्याच्या कवचात उकडलेल्या अंड्याचे पांढरे कडे आणि आत पिवळा बलक. हे नाव ठेवणाऱ्याच्या नजरेसमोर कोणते फूल होते, याचा याहून चविष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही. काश्मिरीत याच फुलाला ‘यंबरज़ल’ म्हणतात.

डॅफोडिल, म्हणजे नार्सिसस स्यूडोनार्सिसस, मूळचे पश्चिम युरोपातले. त्याच्या दांड्यावर एकच फूल येते आणि मधला भाग वाटीसारखा नसून जवळजवळ पाकळ्यांइतक्याच लांबीच्या, झालरीच्या कडेच्या कर्ण्यासारखा असतो. पाकळ्या फिकट पिवळ्या, कर्णा गडद. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दोन्ही जातींची नोंद केली, तेव्हा त्याने वापरलेल्या ‘स्यूडोनार्सिसस’ या नावाचा अर्थच ‘खोटा नार्सिसस’ असा होतो. डॅफोडिलला कंद फुटून फुलण्यासाठी थंडीचा दीर्घ काळ लागतो, टॅझेटाला तशी गरज नसते. त्यामुळे आपल्याकडच्या मैदानी हवेत डॅफोडिलची नुसती पातच पाहून समाधान मानावे लागण्याचा संभव अधिक.

जाता जाता ‘कंद’ या शब्दाविषयी. कंद म्हटले की आपल्यासमोर सुरण येतो, पण हा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा असतो, आणि आजच्या वर्गीकरणात कांदा-लसूणही याच कुळात मोडतात. नार्सिससचा हा कंद मात्र विषारी आहे, तेव्हा तो स्वयंपाकघरापासून दूरच ठेवावा.

तेव्हा अनुवादात इंग्लंड-वेल्सच्या कुरणातले पिवळे फूल असेल तर सरळ ‘डॅफोडिल’ लिहावे, गझलेतले किंवा काश्मीरमधले असेल तर ‘नर्गिस’, आणि संपूर्ण प्रजातीबद्दल बोलायचे असेल तेव्हाच ‘नार्सिसस’.