तंबाखूचे डाग काढणारी खरखरीत पेस्ट रोज वापरली तर चालते का? (वडिलांसाठी मदत हवी आहे)

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. तीसेक वर्षं तंबाखू खाल्ली आणि दोन वर्षांपूर्वी नातीच्या हट्टापायी एका दिवसात सोडली. परत डबीला हात लावला नाही, याचं मला फार कौतुक आहे. पण दातांवरचे काळपट डाग राहिले आणि आता तेच त्यांना खुपायला लागले. लग्नाकार्यात फोटो काढताना ओठ मिटून उभे राहायचे.

गेल्या दिवाळीत त्यांनी डागांसाठी मिळते ती खास पेस्ट आणली. बोटावर घेऊन चोळली तर बारीक रेतीसारखी लागते. डाग खरंच फिकटले. मग काय, दिवसातून दोनदा, कडक ब्रशनं, आडवं घासणं सुरू. महिन्यापूर्वी कोळशाची काळी पेस्टही आणली. आता ही सकाळी, ती रात्री.

पंधरा दिवसांपासून गार पाण्याचा घोट घेतला की डोळे मिटून गप्प बसतात. आमसुलाचं सार आवडीचं, तेही बाजूला सारतात. काल टॉर्च लावून पाहिलं. डावीकडे वरच्या सुळ्याला आणि त्यामागच्या दोन दातांना हिरडीच्या अगदी कडेला खाच पडली आहे, झाडावर कुऱ्हाडीचा पहिला घाव बसावा तशी. नख अडकतं.

या पेस्ट कायमच्या बंद कराव्यात, की आठवड्यातून एकदा चालतील? झिजलेलं भरून येतं का? डॉक्टरांकडे यायला अण्णा तयार नाहीत. मशीननं किटण काढलं की दात हलतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

प्रतिसाद १

मी दंतवैद्य आहे. अण्णा उजव्या हातानं घासत असणार. अशा माणसांचा जोर बरेचदा डाव्या बाजूला जास्त पडतो आणि सुळा कमानीच्या वळणावर असल्यानं तोच आधी सापडतो. दात पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण वर्णन झिजेचंच वाटतं.

पेस्टच्या खरखरीतपणाला आरडीए नावाचं माप आहे. काढलेल्या दातांची मुळं किरणोत्सारी करून पेस्टच्या पाण्यात ब्रशनं घासतात आणि किती दंतिन, म्हणजे दाताच्या आतला मुख्य भाग, निघालं ते मोजतात. ठरावीक प्रमाण पदार्थाला १०० धरलेलं असतं आणि २५० ही वरची मर्यादा मानली जाते. मात्र हे मोजमाप ठरावीक दाबाखाली होतं. कडक ब्रश, जोराचा हात आणि उघडं पडलेलं मूळ हे सगळं एकत्र आलं की मर्यादेतली पेस्टसुद्धा नुकसान करते. दाताच्या वरच्या भागावरचं एनॅमल फार टणक असतं, पण हिरडी उतरली की खालचं मूळ उघडं पडतं आणि त्यावर एनॅमल नसतंच. दंतिनातल्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडल्या की गार पाण्याची कळ थेट आत जाते.

म्हणून दोन्ही पेस्ट आजच बंद. आठवड्यातून एकदाही नकोत, निदान खाचा दाखवेपर्यंत तरी. कोळशाचे कण हिरडीच्या फटीत आणि जुन्या सिमेंटच्या कडेला अडकून बसतात, शिवाय अशा बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. मऊ ब्रश घ्या, तो पेन धरतो तसा बोटांत धरायला सांगा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली ठणक कमी करणारी पेस्ट द्या. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत टाकून देऊ नका. आंबट खाल्ल्यावर लगेच घासू नये, चूळ भरून अर्धा-पाऊण तास थांबावं. आम्लानं दाताचा पृष्ठभाग मऊ झालेला असतो.

झिजलेलं परत वाढत नाही. खाच दाताच्या रंगाच्या सिमेंटनं भरता येते.

किटण काढल्यानं दात ढिले होत नाहीत. हिरडी आणि हाड आधीच कमजोर झालेलं असतं, किटणाच्या थरानं ते दात एकमेकांना बांधल्यासारखे वाटतात. थर गेला की फटी जिभेला जाणवतात आणि दोष मशीनला लागतो. डागही एका-दोन बैठकींत निघतील, वर्षभर रेती घासायची गरज नाही.

आणि एक, हे दातांपेक्षा महत्त्वाचं आहे. तीस वर्षं तंबाखू खाल्ली आहे, तेव्हा गाल आणि जिभेखालची बाजूही तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

प्रतिसाद २

खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या दंत महाविद्यालयात जा. मी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात आईला नेलं होतं. ती मिश्री लावायची. वेळ लागतो, पण शिकाऊ डॉक्टरांच्या मागे शिक्षक उभे असतात. अण्णा पेस्टऐवजी एखादं मंजन शोधायला लागले तर डबीवरचे घटक नीट वाचा. तंबाखू घातलेल्या मंजन-पेस्टवर १९९२ पासून बंदी आहे, तरी आमच्या गावच्या बाजारात नावगाव नसलेल्या पुड्या मी पाहिल्या आहेत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले. पेस्टबद्दल कुरकुरले, "पैसे दिलेत" म्हणाले. गालाबद्दलचं वाचल्यावर मात्र गप्प झाले आणि थोड्या वेळानं स्वतःच आरशासमोर टॉर्च घेऊन उभे राहिले. उजव्या गालाच्या आत पांढरट काहीतरी दिसतंय, पुसून जात नाही. उद्या सकाळी दवाखान्यात नेते आहे.