आर्डोर उघडला की ब्राउझर मुका, आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा

अभिवाचक: डेबियन १२ (लिनक्स), नोम डेस्कटॉप, माइक संगणकाला जोडायला दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस. कथांचं अभिवाचन रेकॉर्ड करतो. आर्डोर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) अल्सावर, म्हणजे लिनक्सच्या साउंड कार्डाशी थेट बोलणाऱ्या थरावर, चालू केला की ब्राउझरचा आवाज जातो, बंद केला की परत येतो. आणि बोलताना माझाच शब्द कानात मागून येतो, वाक्याची लयच तुटते. बफर, म्हणजे एका खेपेत हाताळले जाणारे आवाजाचे नमुने, १०२४ आहे. ६४ केला तर तडतड. पल्सऑडिओ (सगळ्या प्रोग्रॅमांचा आवाज एकत्र करून कार्डाला देणारा सर्व्हर) काढून टाकू का?

खुंटीपिळ्या: जॅक (रेकॉर्डिंगवाल्यांचा ध्वनी सर्व्हर) टाका, विषय संपला.

कर्नलपंत: विषय आत्ता कुठे सुरू झालाय! अभिवाचक, काहीही काढू नका. टर्मिनलमध्ये 'पीएसीटीएल इन्फो' द्या. सर्व्हरच्या नावापुढे पाइपवायर दिसेल. डेबियन १२ च्या नोममध्ये पल्सऑडिओचं काम तोच करतो, मग काढणार काय?

ब्राउझर मुका होतो कारण आर्डोर अल्सातून कार्ड थेट ताब्यात घेतो, आणि मग पाइपवायरला ते सोडावं लागतं. 'पाइपवायर-जॅक' पॅकेज टाका, आर्डोर 'पीडब्ल्यू-जॅक'मधून चालवा आणि सुरुवातीला अल्साऐवजी जॅक निवडा. वेगळा जॅक सर्व्हर नको. दोघांचाही आवाज येईल.

आता उशीर. ४८००० हर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, तोही जाताना आणि येताना दोन्हीकडे. कान लगेच पकडतो. ६४ म्हणजे जेमतेम १.३, तेवढ्यात प्रोसेसरचं काम उरकलं नाही की तडतड. 'पीडब्ल्यू-टॉप' उघडून ठेवा, चुकलेली प्रत्येक खेप 'ईआरआर'च्या रकान्यात चढते.

पण खरं सांगू? अभिवाचनाला छोटा बफर लागतच नाही. तो त्यांना लागतो जे कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवतात. तुम्हाला फक्त स्वतःचा आवाज ऐकायचाय. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर दाबा. माइकचा आवाज संगणकात न शिरता हेडफोनला जातो. मग आर्डोरच्या प्रेफरन्सेसमध्ये मॉनिटरिंग 'ऑडिओ हार्डवेअर'कडे द्या, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील. बफर खुशाल १०२४ राहू दे.

खुंटीपिळ्या: पंत, मी गिटार वाजवतो, अँप सॉफ्टवेअरमधला. मला लागतोच.

कर्नलपंत: तुम्हाला लागणारच, वादच नाही.

अभिवाचक: बटण सापडलं! उशीर गेला, ब्राउझरही बोलतोय. पण मी फक्त डाव्या कानात ऐकू येतो.

कर्नलपंत: इनपुट एक डावीकडे, दोन उजवीकडे, अशी काही इंटरफेसची रचना असते. मोनो-स्टिरिओचा खटका असेल तर मोनोवर करा. नसेल तर मॉनिटरिंग परत आर्डोरकडे द्या आणि 'पीडब्ल्यू-मेटाडेटा'ने क्लॉकचा 'फोर्स-क्वांटम' (पाइपवायरचा बफर) २५६ करा: ५.३ मिलिसेकंद, बोलण्याला पुरे. काम झालं की तिथेच ० द्या, पूर्ववत होतं. रेकॉर्डिंगची काळजी नको. मोनो ट्रॅक घेतला असेल तर फाइलला डावं-उजवं नसतंच.

अभिवाचक: खटका मागच्या बाजूला होता. झालं.