मुलांना आज्ञा, बापांनाही आज्ञा: नाशिकच्या ख्रिस्ती घरांतील अनुभव

नाशिकमधल्या कोणत्याही ख्रिस्ती घरातील पाच-सहा वर्षांच्या मुलाला बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील पहिले वचन विचारा, ते घडाघडा म्हणून दाखवील. मुलांनी प्रभूमध्ये आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहावे, असे ते वचन आहे. त्याच अध्यायातील चौथे वचन मात्र क्वचितच कोणाला तोंडपाठ असते. ते बापांना उद्देशून आहे: मुलांना चिरडीस आणू नका, त्यांना प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवा. शरणपूर परिसरात मी बरीच वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवते आहे, आणि या दोन आज्ञा एकमेकींपासून तोडल्या की दोन्ही बिघडतात, हे माझे ठाम मत आहे.

हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या काळातील रोमी जगात कुटुंबप्रमुखाची सत्ता कायद्यानेच जवळजवळ अमर्याद होती; जन्मलेले मूल घरात घ्यायचे की टाकून द्यायचे, हेही तोच ठरवत असे. हे पत्र मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या सभेत, मोठ्याने वाचले जाई तेव्हा ऐकणाऱ्यांत बायका, मुले आणि दासही असत, आणि त्यांच्या देखत बापाला त्याची मर्यादा सांगितली जात होती. कलस्सैकरांस पत्रात तर त्याचे कारणही दिले आहे: मुले खिन्न होऊ नयेत.

आपल्या शहराचा इतिहासही येथे आठवावा असा आहे. शरणपूरची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीच्या कामातून उभी राहिली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तेथे वाढली, शिकली. १८७४ मध्ये आफ्रिकेतील मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट त्यांपैकीच. ज्यांना आईबाप उरले नव्हते अशा लेकरांसाठी मिशन हेच घर होते, आणि त्या घराची शिस्त घंटा, हजेरी आणि रांग यांची होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत हीच शिस्त आली असावी, असे मला वाटते. मोठ्या वसतिगृहाला ती आवश्यक असते. चार माणसांच्या घराला ती तशीच्या तशी लागू पडत नाही.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे की, आपल्या घरी आज्ञापालन कसे शिकवले गेले, बायबलमधील छडीविषयीचे वचन कसे वापरले गेले आणि आज आपण काय करता, हे मोकळेपणाने लिहावे. तक्रार असेल तर ती जरूर लिहावी, मात्र कोणत्याही व्यक्तीचे, मंडळीचे वा शाळेचे नाव घेऊ नये.

सिडकोतून, दोन मुलांचे वडील

माझे वडील अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करत, त्यामुळे आमच्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ त्यांच्या पाळीवर ठरत असे. रात्रपाळी असली की आम्ही शाळेतून येऊन, हातपाय धुऊन, संध्याकाळी पाचलाच चटईवर बसायचो. एक भजन व्हायचे आणि मग एक अध्याय सर्वांनी आळीपाळीने वाचायचा. धाकट्या बहिणीला जोडाक्षरे लागत नसत तेव्हा वडील तिचे बोट हातात घेऊन ओळीवरून हळूहळू सरकवत, आणि ती अडखळली तरी पुढचा शब्द कोणी सांगायचा नाही, अशी ताकीद असे.

याच वडिलांनी कपाटावर वेताची छडी ठेवली होती. जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी होय, हे नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातील वचन आम्हाला त्या छडीसोबतच पाठ झाले. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: राग आलेला असताना छडीला हात लावायचा नाही, जे काही व्हायचे ते प्रार्थनेनंतर. त्या नियमामुळे ते कधीही बेभान झाले नाहीत, आणि बहुतेक वेळा प्रार्थना संपेपर्यंत त्यांचा रागही ओसरलेला असे, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. पण ज्या प्रार्थनेच्या ‘आमेन’ची भीती वाटावी, अशी प्रार्थना कोणत्याही लेकराच्या वाट्याला येऊ नये. माझा थोरला भाऊ पुढे कित्येक वर्षे घरातील प्रार्थनेला बसत नव्हता, त्याचे मूळ मला तेथेच दिसते.

माझ्या घरात प्रार्थना आहे, छडी नाही. चुकीमुळे जे नुकसान झाले असेल ते चुकणाऱ्याने भरून काढायचे, ही शिस्त मला पुरेशी वाटते. मुलाने चेंडू मारून शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडली तेव्हा मोजपट्टी घेऊन माप त्यानेच घेतले, काचेच्या दुकानात तोच गेला, आणि पैसे त्याच्या साठवणीच्या डब्यातून गेले. शेजारच्या काकूंकडे क्षमा मागायला मी त्याच्यासोबत गेलो, पण त्याच्या वतीने एक शब्दही बोललो नाही.

नाशिकरोडवरून, एका मुलीची आई

आम्ही कॅथलिक आहोत. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आमच्या मोजणीत चौथी आहे, प्रोटेस्टंट बंधुभगिनींकडे ती पाचवी आहे. वजन मात्र दोन्हीकडे सारखेच. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा संगमनेर-राहात्याकडचे आमचे नातेवाईक घरी मुक्कामाला असतात, आणि गुणी, शांत, सांगितलेले ऐकणारे बाळ येशूसारखे मूल ही कल्पना त्या दिवसांत घरातील प्रत्येक मुलाला ऐकवली जाते.

शुभवर्तमानात मात्र येशूच्या मोठे होण्याच्या काळातील एकच प्रसंग सविस्तर आला आहे, आणि तो आईवडिलांना न सांगता मागे राहिलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरिया आणि योसेफ यांना तो तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. मरिया त्याला विचारते की, तू आमच्याशी असे का वागलास. तो उत्तर देतो, ते उत्तर त्यांना समजत नाही, आणि तरीही तो त्यांच्यासोबत नासरेथला जातो व त्यांच्या आज्ञेत राहतो. प्रश्न, उत्तर, न समजणे आणि आज्ञापालन हे सारे त्या घरात एकत्र नांदले. ज्या घरात मुलाला उत्तर देण्याची मुभा नाही त्या घरातील आज्ञाधारकपणा नासरेथचा नव्हे, असे मला मनापासून वाटते.

माझी मुलगी तेरा वर्षांची झाली आणि संध्याकाळच्या जपमाळेला बसेनाशी झाली. सासूबाई फार दुखावल्या. मी मुलीला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली की, मम्मी, तुम्ही सगळे इतक्या वेगाने म्हणता की मला काहीच वाटत नाही. सासूबाईंना हे सांगणे सोपे नव्हते, पण त्यांनी ऐकून घेतले. आता रोज जपमाळेतील पाच रहस्यांऐवजी, म्हणजे तिच्या पाच भागांऐवजी, एकच म्हणतो, पुढे मुलगी म्हणते, आणि रविवारी सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे पूर्ण जपमाळ होते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात याच चौथ्या आज्ञेखाली पालकांची कर्तव्येही सांगितली आहेत, आणि जे पालक आपल्या उणिवा मुलांसमोर मान्य करू शकतात ते त्यांना अधिक चांगले वळण लावू शकतात, असा त्यातील एका परिच्छेदाचा आशय आहे. आमच्याकडे लग्नाआधीच्या तयारीच्या वर्गात तो वाचून घ्यावा, असे मी सुचवले आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेचे उत्तर

एका भगिनीने विचारले आहे की, छडी सोडली तर नीतिसूत्रांतील वचन खोटे मानायचे का. मला तसे वाटत नाही. त्या वचनाचा भर मुलाकडे दुर्लक्ष न करण्यावर आहे. जो वळण लावण्याचे कष्ट टाळतो तो प्रेम करत नाही, हे आजही खरे आहे. वळण लावण्याचे साधन बदलू शकते. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळांमध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे, म्हणजे जे मूल वर्गात सुरक्षित आहे त्याला घरी, तेही देवाच्या नावाने, मार बसतो. ही विसंगती मुलांच्या लक्षात येते. माझ्या वर्गातील मुलांनी ती मला बोलून दाखवली आहे.

पाळकाचा मुलगा, सध्या गंगापूर रोड

मंडळीच्या अध्यक्षाने आपले घर चांगले चालवावे आणि त्याची मुले आज्ञेत असावीत, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. हे वचन अधिकारपदावरील माणसाला उद्देशून आहे, पण त्याचे माप घेतले जाते ते त्याच्या लेकरांचे. पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू असलेल्या वडिलांच्या बदल्यांबरोबर आम्ही इगतपुरी, मनमाड आणि नाशिक अशी गावे केली, आणि प्रत्येक ठिकाणी मंडळीतील कोणी ना कोणी माझ्या केसांवर, मित्रांवर आणि उपासनेतील माझ्या जांभईवर लक्ष ठेवून असे. एली याजकाने आपल्या मुलांना आवरले नाही, हा दाखला वडिलांना एका बैठकीत माझ्या देखत ऐकवला गेला.

वडिलांनी त्यावर जे केले त्यामुळे मी आज मंडळीत आहे. त्यांनी घरात ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य पूर्णपणे बंद केले. मी चुकलो तर ते मला देवासमोर किंवा त्यांच्यासमोर उत्तर द्यायला सांगत, मंडळीसमोर कधीही नाही. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास हे यज्ञबलीचे मांस लुबाडत होते, लोकांवर जुलूम करत होते, हे त्यांनी मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातून वाचून दाखवले आणि म्हणाले, तुझी जांभई त्यात बसत नाही.

सुरगाणा तालुक्यातला, नोकरीनिमित्त नाशिकमध्ये

वरील सर्वांच्या घरी आईवडीलच ख्रिस्ती आहेत. मी कोकणा या आदिवासी समाजातला आहे आणि आमच्या घरात ख्रिस्ताकडे वळलेला मी एकटाच, म्हणून माझ्यापुढे हीच आज्ञा वेगळ्या रूपात उभी राहिली. मार्गशीर्षात आमच्याकडे डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो आणि बा त्यात व्रताला बसतो. मी त्यात बसणार नाही, हे त्याला सांगितले तेव्हा तो बराच काळ माझ्याशी बोलला नाही, आणि आई दोघांच्या मध्ये सापडली.

आमच्या ख्रिस्ती संगतीतील काहींनी मला सल्ला दिला की, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे प्रेषितांनी सांगितले आहे, तेव्हा घराशी संबंध तोड. एका वडीलधाऱ्या बांधवाने मात्र मला मार्कचा सातवा अध्याय उघडून दिला. आईबापांना जे द्यायचे ते देवाला ‘कुर्बान’ म्हणजे अर्पण केले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्या लोकांना येशूने तेथे कठोर शब्दांत दोष दिला आहे. देवाचे नाव पुढे करून आईबापांना उघडे पाडणे हीच आज्ञेची पायमल्ली, हे मला त्या दिवशी लख्ख कळले. प्रेषितांनी ते उत्तर न्यायसभेला दिले होते; ते आपल्या आईच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही.

तेव्हापासून भाताच्या आवणीला मी रजा काढून घरी जातोच. आईची रक्तदाबाची औषधे नाशिकहून नेतो. उत्सवाच्या दिवसांत बैल आणि आजी या दोघांची जबाबदारी मी घेतो, म्हणजे बाला घराची काळजी न करता जाता येते. पूजेच्या ताटाला मी हात लावत नाही, आणि आता तोही ते ताट माझ्यापुढे करत नाही. आमचे या बाबतीत एकमत झालेले नाही. पण गेल्या वर्षी बहिणीच्या सोयरिकीची बोलणी झाली तेव्हा बाने मला फोन करून बोलावून घेतले आणि पाहुण्यांसमोर आपल्या शेजारी बसवले.

निफाड तालुक्यातून, शेतकरी कुटुंबातील सून

थोडक्यात लिहिते. कांदा निघाला की आमच्या शेतात धनगरांच्या मेंढ्या बसवतात. तो मेंढपाळ दिवसभर काठी वापरतो. तिने काटेरी फांदी खाली वाकवतो, वाट दाखवतो, कुत्र्याला हुसकावतो. मेंढीच्या पाठीवर ती जोराने पडलेली मी पाहिलेली नाही. तेविसाव्या स्तोत्रात काठी धीर देते असे म्हटले आहे, आणि मुलांना वळण लावण्याविषयी आमच्याकडे बोलणे निघाले की सासरे याच काठीचे उदाहरण देतात.

सातपूरहून, एक आजी

मुलगा आणि सून दोघेही औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, त्यामुळे नातू दिवसाचा बराच वेळ माझ्याजवळ असतो. तीमथ्याला विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला, असे पौल लिहितो, आणि त्याचा मला मोठा आधार वाटतो. परंतु आजीला अधिकार किती, हा प्रश्न कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहिते. मोबाइल काढून घेणे, जेवणाची वेळ पाळायला लावणे, खोटे बोलल्यास खेळायला न सोडणे, इतके मी करते. मोठी शिक्षा मी करत नाही आणि मुलाने केलेली शिक्षा मी रद्दही करत नाही. माझ्या मते मुलगा कधीकधी फार कडक होतो, आणि त्याच्या मते मी फार लाड करते. त्यावर आमचे बोलणे होते, कधी आवाजही चढतो, पण ते नातू झोपल्यानंतर आणि त्याच्या खोलीचे दार लोटून घेऊन.