सर्व नळ बंद असताना पंप सुरू होत असेल तर

मोटारहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) सिंकखालच्या कपाटात पाणी साचल्याने टाकीच फुटली असावी, अशी शंका आपण व्यक्त केली आहे. मला मात्र दोष नळीच्या एखाद्या सांध्यात असण्याची शक्यता अधिक वाटते. पाण्याचा १२ व्होल्टचा पंप नळीतील दाब उतरला की आपोआप सुरू होतो, त्यामुळे सर्व नळ बंद असतानाही तो रात्री मधूनच घुरघुरत असेल, तर पंपापासून नळांपर्यंतच्या नळीतून किंवा तिच्या सांध्यातून पाणी झिरपत आहे असे समजावे. (पंपाची झडप सैल झाली तरी असे होते, पण मग कपाट ओले होत नाही.)

आमच्या प्रवासात हेच घडले, तेव्हा पंप बंद करून, नळ उघडून दाब उतरवला, सांधे कोरडे पुसून प्रत्येकाभोवती कागदी रुमाल गुंडाळला आणि नळ बंद करून पंप पुन्हा चालू केला; थोड्याच वेळात ओल्या रुमालाने चोर पकडून दिला. प्लास्टिकचा नट हातानेच आवळावा, हे मी पान्याने एक नट फोडून शिकलो. आतला रबरी वॉशर बदलल्यावर गळती थांबली. रस्त्याच्या हादऱ्यांनी असे सांधे सैल होतात, म्हणून गाडी धावत असताना आम्ही पंप बंदच ठेवतो.